दाराच्या अलीकडे

४ फेब्रुवारी

ही वही धाकटीने दिली. म्हणाली, "ताई, तू फोनवर बोलत नाहीस, अंगावर येतेस. माझ्या कानठळ्या बसतात. जे काय ओरडायचं ते यात ओरड." घ्या! सख्खी बहीण, आणि मला वहीच्या गळ्यात बांधून मोकळी झाली.

तर आज दिवसभर माणसं मारली. सकाळी एकाला भोसकलं. त्याला ओल्या फडक्यात गुंडाळलेला कोबी लागतो. दुपारी एकाचा हात पिरगाळून मोडला, म्हणजे गाजरांची जुडी माईकजवळ धरून कडाकडा मोडली. चहानंतर एकाचं डोकं भिंतीवर आपटायचं होतं. टरबूज उत्तम, पण ते फुटलं की सगळी जमीन चिकट होते आणि पुसायची कुणी? मीच.

सिनेमात नटाची मूठ गालाच्या वीतभर अलीकडे थांबते. तिथून पुढचं सगळं माझं. पावलं, दारं, कपड्यांची सळसळ हेही भरते मी, पण माझं नाव आहे ते मारासाठी. स्टुडिओत मला ठोकताई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला आवडतं.

नवीन सिनेमा आलाय. दिग्दर्शक पोरगेलासा आहे, आवाज इतका मऊ की आम्ही त्याचं नाव कोकरू ठेवलंय. आणि सिनेमा बघावा तर रक्ताचा सडा! त्यात एक प्रसंग आहे. कॅमेरा खोलीच्या बाहेर. दार बंद. आत नवरा बायकोला मारतोय. पडद्यावर शेवटपर्यंत नुसतं दार दिसणार. कोकरू म्हणाला, "सगळं तुमच्यावर आहे, ताई. हे जमलं तर सुरुवातीलाच तुमचं नाव एकटं येईल."

एकटं! इतकी वर्षं माझं नाव शेवटी येतं, लोक खुर्चीखाली चपला शोधत असतात तेव्हा. आनंदाने अंगावर काटा आला. आणि दाराबाहेरून मार कसा ऐकू येतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

८ फेब्रुवारी

डोकं फिरलंय.

दाराचा प्रसंग भरला. जीव ओतून भरला. जुना चामडी कोट, आत मांसाचा तुकडा, मध्ये जाड दार, माईक अलीकडे. कोकराने ऐकलं आणि मान तिरकी केली. "छान आहे, ताई, पण... उशी आपटल्यासारखं वाटतं."

"उशीसारखंच असतं ते."

"पण मार वाटायला हवा ना. जरा कडक, जरा टणटणीत."

"दाराबाहेर टणटणीत काही येत नाही, राजा. बद्द येतं. आणि मारापेक्षा मधली शांतता जास्त ऐकू येते."

"तुम्हाला एवढं खात्रीने कसं माहीत?"

"अनुभव," म्हणाले. तो हसला. त्याला वाटलं, कामाचा.

मग मीच विचारलं, बाबा रे, तुला हे रक्तबिक्त आवडतं कसं? तो म्हणाला, त्यांच्या घरी कुणी दारसुद्धा आपटलं नाही. आई-वडील दोघं सतार शिकवायचे. भांडण झालं तर दोघं एकमेकांना चिठ्ठ्या लिहायचे. हा आपला शेजाऱ्यांकडे जाऊन मारामारीचे सिनेमे बघायचा. तिथेच त्याचा कान घडला. तिथे मूठ बसली की ढोल वाजल्यासारखं वाजतं, म्हणून याला खरा मार मिळमिळीत लागतो. पोराचा दोष नाही. जे कानावर पडलं तेच गोड.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. कुणाच्याच येत नाही. माझ्या प्रत्येक मारामारीत पहिल्या फटक्याच्या आधी मी एक बारीकशी 'टक' घालते. काचेवर घड्याळ ठेवल्याची. तेवढी घातली की बघणाऱ्याचा श्वास अडकतो आणि त्याला कळतही नाही कशाने. माझं गुपित आहे ते. बाबा हात उचलण्याआधी घड्याळ काढून काच लावलेल्या टेबलावर ठेवायचे. मारताना ते फुटेल म्हणून. घड्याळाला फार जपायचे.

आता सुरू केलंच आहे तर लिहिते. बाबा आईला मारायचे. लपवण्यासारखं काही नाही, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. आम्हा दोघी बहिणींना मात्र त्यांनी कधी बोट लावलं नाही, त्यामुळे माझ्यावर परिणाम वगैरे काही झालेला नाही. धाकटीवर झालाय. मी ठणठणीत.

बाबांचं घड्याळ आता मी वापरते. वेळ अजून अचूक दाखवतं.

१४ फेब्रुवारी

आज रविवार, घरी. आई वर्षभर माझ्याकडेच आहे. गुडघे गेलेत, डावा कान पार गेलाय. कान लहानपणी फुटला होता म्हणते. उजव्याने सगळं ऐकते, नको तेही. दिवसभर रेडिओ. मी बाहेरून आले, हात धुवायला घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, की ही उठलीच, रेडिओ मोठा करायला! रोजचं आहे. म्हटलं, "आई, गाणं बरं चाललंय की, कशाला वाढवतेस?" म्हणाली, "असू दे गं." वेड आहे तिला रेडिओचं, दुसरं काय.

दुपारी जेवून पडले होते तेव्हा वर आवाज सुरू झाला. वरच्या मजल्यावर नवीन जोडपं राहायला आलंय. तो चष्म्याच्या दुकानात बसतो, शर्टाला कडक इस्त्री, जिन्यात भेटला की "कशा आहात, ताई?" ती बारीक, बोलत नाही फारशी.

पहिल्यांदा खुर्ची सरकली. मग त्याचा आवाज, बेतशीर, एकसुरी. हा चढ्या आवाजात बोलत नाही, याची नोंद केली. आणि मग आला. बद्द. मग शांतता. मग बद्द, बद्द. मग काहीतरी भिंतीला घासत खाली गेलं.

मी उठून बसले. मनात पहिलं काय आलं असेल? खोटं कशाला लिहू, ही वही कोण वाचणार आहे? मनात आलं, बघ कोकरा! अस्साच!

१५ फेब्रुवारी

आमच्या न्हाणीघरातून वरच्यांची पाइप येते. भिंत सगळं ऐकवत नाही, पाइप ऐकवते. तिला माईक चिकटवून ठेवलाय. नुसता नमुना म्हणून. चित्रकार नाही का रस्त्यावरच्या माणसाचं चित्र काढत? त्याला विचारून थोडंच काढतो? ऐकून मग मी माझ्या कोबी-चामड्याने तसाच आवाज करणार.

आईने न्हाणीघरात माईक बघितला. "हे काय लावलंयस?"

"कामाचं आहे."

ती पाइपकडे बघत राहिली. मग टॉवेल घेऊन निघून गेली. आज संध्याकाळी रेडिओ इतका मोठा लावला होता तिने की मला रेकॉर्डिंग टाकून द्यावं लागलं. आणि गाणं कुठलं, तर प्रेमाचं. भांडले तिच्याशी.

१९ फेब्रुवारी

मिळालं!

वरचा संध्याकाळी दुकानातून आल्यावर सुरू झाला. आई फाटकाशी भाजी घेत होती, रेडिओ बंद. हेडफोन लावून न्हाणीघरात बादली उपडी घालून बसले. काय सांगू, काय पोत आहे! मुठीचा वेगळा, उघड्या हाताचा वेगळा. लाथेचा तर कमालीचा खोल, पाइपच्या तळातून आल्यासारखा. ती ओरडत नाही. ओरडणं दाबते आणि ते नाकातून बाहेर पडतं, छोटंसं. अशा वेळी नट्या किंचाळतात. मी नेहमी सांगते त्यांना, बायांनो, किंचाळायला श्वास लागतो, आणि श्वास तर आधीच काढून घेतलेला असतो.

मध्येच भांडं पडलं, बराच वेळ गोल फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत तोही थांबला. मग पुन्हा.

संपल्यावर बघते तर माझे हात पुढे आलेले. वाटी केल्यासारखे, कुणाचं तरी डोकं धरल्यासारखे. हसू आलं. पलंगाखाली मी धाकटीचे कान असे झाकून धरायचे. दारापलीकडे चालू असायचं आणि ही माझ्या हातांत मान घालून निवांत. माझे कान झाकायला मला हात उरायचे नाहीत.

२२ फेब्रुवारी

सकाळी जिन्यात वरची भेटली. हातात कचऱ्याची पिशवी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा झगा, उकाड्यात. मी बाजूला झाले. ती दोन पायऱ्या उतरली आणि परत वळली.

"ताई, आमचा आवाज... येतो का हो खाली?"

बिचारीला लाज वाटत असणार. मी लगेच म्हटलं, "छे हो! काही काही येत नाही. भिंती जाड आहेत आपल्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिचा जीव भांड्यात पडेल, पण चेहरा काही हलला नाही. "बरं," म्हणाली आणि खाली गेली.

झाकली मूठ राहू द्यावी माणसाची. शिवाय त्यांना कळलं तर ते सावध होतील आणि मला अजून शेवटचा भाग मिळायचाय. दार उघडून तो बाहेर येतो तेव्हाची पावलं.

२६ फेब्रुवारी

तसाच आवाज करणार म्हणाले होते, पण नाही जमलं. चामडं घेतलं, मांस घेतलं, स्वतःच्या मांडीवर मारून मारून मांडी काळीनिळी केली. खऱ्याशेजारी ठेवलं की माझं सगळं खोटं वाजतं. इतक्या वर्षांचा हात, आणि एका चष्मेवाल्यापुढे हरले.

शेवटी खरा आवाजच वापरला. आवाज कुणाच्या मालकीचा नसतो. नाव नाही, गाव नाही, कोण ओळखणार?

कोकराला अंधारात बसवून ऐकवलं. दार. टक (ती माझीच घातली, ती हवीच). मग ते सगळं. त्याने मान तिरकी केली नाही. खुर्चीचे हात धरून बसला. संपल्यावर उठून बाहेर गेला आणि पाणी पिऊन आला.

"ताई, हे कसं केलंत?"

"ते विचारायचं नाही."

"आधी मला खरंच कळत नव्हतं. आता आधीचे सगळे सिनेमे खोटे वाटायला लागतील. परत लावा."

परत लावलं. पुन्हा लाव म्हणाला. चौथ्यांदा लावलं तेव्हा तो पुढे वाकून ऐकत होता, आणि त्याच्या ओठांवर हसू होतं. चव लागली पोराला! एकट्या नावाची पाटी पक्की झाली. येताना आईला केक आणला.

१ मार्च

धाकटीकडे गेले होते. तिच्या घरात पाऊल टाकलं की मला गुदमरतं. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे. कपाटाच्या दारांना रबर. मुलं कुजबुजतात, नवरा पेपर वाचताना पानसुद्धा ओलं करून उलटतो. एका आईच्या पोटच्या आम्ही, एकाच पलंगाखाली वाढलो, आणि हिला मिक्सर लावायचा तर शेजारी नेऊन लावते. मला बाजारात, रहदारीत, लग्नघरासारख्या गलबल्यात झोप लागते.

म्हणून तर ते माझं लग्नाचं जमता जमता मोडलं होतं. सज्जन माणूस, ग्रंथपाल होता. घरात कधी आला, कधी गेला कळायचं नाही. दार लावल्याचा आवाज नाही, किल्ली ठेवल्याचा नाही. मी आपली जीव मुठीत धरून बसायचे, की आता याचा मूड काय असेल? आवाजच नाही तर माणसाने ओळखायचं कशावरून? चार महिन्यांत म्हटलं, नको बाबा. तू अळणी आहेस, मला मीठ लागतं.

धाकटीला सिनेमाचं सांगितलं. शनिवारी मोठ्या पडद्यावर लावून बघणार आहोत, चल. ती पांढरी पडली. "मला नको. आणि आईलाही नको नेऊस."

"आईला काय होतंय? तिचा एक कान तसाही बंद आहे."

"ताई, तो कान कसा गेला तुला माहीत नाही?"

"लहानपणी फुटला होता."

"तुझ्या लहानपणी," धाकटी म्हणाली. कुजबुजत म्हणाली, तिच्या पद्धतीने.

मी उठलेच तिथून. हिचे कान मी झाकून धरायचे, आणि हीच मला सांगणार काय झालं नि काय नाही! उचलली जीभ लावली टाळ्याला.

६ मार्च

तोंड सुजलंय. डाव्या हाताने उशी धरून उजव्याने लिहितेय. नीट लिहायला हवं. जसं झालं तसंच.

आईला नेलं. नवीन साडी नेसली होती, उत्साहात होती. स्टुडिओतल्या पोरांनी तिला मधोमध बसवलं, मी तिच्या उजव्या बाजूला. रक्ताचे प्रसंग तिने बघितले न बघितल्यासारखे. एका ठिकाणी तर म्हणाली, "हा लाल रंग धुतला तर जातो का गं?"

मग दाराचा प्रसंग आला. टक झाली. आणि आईचा हात उठला. हवेत उजवीकडे गेला आणि बोटं काहीतरी पिळायला लागली. तिथे काही नव्हतं. ती रेडिओचं बटण शोधत होती.

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाची भीती वाटली. मी तिचा हात धरून खाली आणला, तर बर्फ. प्रसंग संपला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्या कानाशी आली.

"ही कोण आहे?"

"कोण म्हणजे? मीच गं. कोबी नि चामडं."

"कोबी रडू गिळत नाही. ही बाई आहे. कोण आहे?"

मी पडद्याकडे बघायला लागले.

"वरची?"

मी होकाराची मान हलवली. वाटलं होतं ओरडेल, रडेल. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "घरी चल."

रिक्षाचे पैसे आईनेच दिले. घरी आल्यावर आमच्या दारावरून पुढे गेली आणि जिना चढायला लागली. तिच्या गुडघ्यांना तो जिना झेपत नाही. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. मी मागून, "आई, आपल्याला काय करायचंय, नवरा-बायकोच्या भानगडीत आपण कशाला पडायचं, कामाचं नुकसान होईल." हे सगळं बोलले मी. माझ्या तोंडून गल्लीतल्या एकेका बाईचा आवाज निघत होता.

आईने दार वाजवलं. उघडल्यावर चष्मेवाला, इस्त्रीचा शर्ट. "बोला आजी."

"तुझ्या बायकोला बोलव."

"ती पडलीय जरा. बरं नाही."

"मग इथे बसते. बरं वाटलं की येईल." आणि आई त्याच्या उंबऱ्यात बसली. एक पाय आत, एक बाहेर. दार लावायचं तर तिच्या पायावर लावावं लागेल.

तो हसला आधी. मग "आजी, उठा," म्हणाला. मग खाली वाकून तिचा दंड धरला आणि ओढायला लागला. तेवढ्या बेतशीर आवाजातच बोलत होता. आई दाराच्या चौकटीला धरून बसलेली, तिचा खांदा भलताच वळला. मी मध्ये घुसले. त्याचा हात आईच्या दंडावरून सोडवला, बोटन् बोट. त्याने माझ्याकडे बघितलं. खरं तर माझ्याकडे नाहीच. त्याने शांतपणे मनगटावरचं घड्याळ सोडलं, खिशात टाकलं, आणि मारलं.

सगळं पांढरं झालं. मग जिन्याचा कठडा पाठीत. तोंडात खारट. दुसरा पोटात बसला तेव्हा मी खालीच होते. त्याचे बूट दिसत होते, पॉलिश केलेले. मी त्याच्या पोटरीला दातांनी धरलं आणि सोडलं नाही. त्याने दुसऱ्या पायाने मारलं, तरी सोडलं नाही. माझं रक्त होतं की त्याचं कुणास ठाऊक.

आणि मग वरची बाहेर आली. एक डोळा बंद, हातात जड लोखंडी तवा. तिने तो त्याला मारला नाही. कठड्यावर मारला. पुन्हा मारला. मारतच राहिली, धाड धाड धाड, अख्खी इमारत हादरेपर्यंत. दारं उघडली. खालून लोक आले. आजपर्यंत ज्या घरातून पंख्याचासुद्धा आवाज येत नव्हता त्या घरातूनही माणसं आली. चौघांनी त्याला धरलं.

हे सगळं आत्ता बसून आठवतेय आणि एक गोष्ट जुळत नाही. तव्याचा आवाज आठवतो, लोकांचा आठवतो. त्याने मला मारलं त्याचा आवाजच आठवत नाही. आलाच नाही. आयुष्य काढलं मी त्या आवाजावर, आणि माझ्यावर हात पडला तेव्हा काही नव्हतंच. नुसता पांढरा उजेड.

आई बर्फ धरून बसली होती माझ्या गालाला. तिला विचारलं. "आई, तुला यायचा का आवाज? बाबा मारायचे तेव्हा?"

तिने थोडा विचार केला. "नाही गं," म्हणाली. "माझ्या वाट्याला मार आला. आवाज तुझ्या."

मग मी रडले. बाबा गेले तेव्हाही रडले नव्हते.

९ मार्च

वरची आमच्याकडेच आहे, माझ्या खोलीत. मी आईजवळ झोपते. दात एक गेला, बाकी हलताहेत. चष्मेवाला आत आहे, किती दिवस ते माहीत नाही. चौकीतल्या बाईंनी विचारलं, याआधी कुणी काही ऐकलंय का? शेजारचे एकमेकांकडे बघायला लागले. मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला.

धाकटी आली होती. आल्यावर माझ्यामागे उभी राहिली आणि दोन्ही हातांनी माझे कान झाकले. बराच वेळ. आतून समुद्रासारखं काहीतरी ऐकू येत होतं. शांततेत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

बाबांचं घड्याळ तिच्याजवळ दिलं. म्हटलं, घरी नको नेऊस, नदीत टाक. "आवाज न करता टाकेन," म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. माझा तर हसताना ओठ फाटला.

११ मार्च

स्टुडिओत गेले. कोकराला सांगितलं, दाराचा आवाज काढतेय, तो खरा होता. त्याला कळायला वेळ लागला. मग खाली बसला. "मी घरी नेला होता तो," म्हणाला. "रोज ऐकत होतो. ताई, मला आवडत होता." माझ्या चेहऱ्याकडे बघवेना त्याला. मी त्याला काही बोलले नाही. कुणाला बोलणार? त्याच्या तोंडाला ती चव मीच लावली.

त्याला म्हटलं, दारामागून दुसरं काही नको. फक्त रेडिओ. मोठा, नाचरं गाणं. आमच्या गल्लीला तेवढंच ऐकू यायचं. तो बघू म्हणाला. नावाच्या पाटीचं त्याने काढलं नाही, मीही नाही.

१३ मार्च

आज दुपारी वरची माझ्यासमोर येऊन बसली. डोळा उघडतोय आता. "तुमच्याकडे आहे ना ते? मला ऐकायचंय."

"कशाला? नको."

"माझं आहे ते," ती म्हणाली. खरंच होतं. आवाज कुणाच्या मालकीचा नसतो म्हणे! मालकीण समोर बसली होती.

चौकीवाल्यांनी नक्कल करून परत दिलेला रेकॉर्डर आणला. हेडफोन नको म्हणाली. लावलं. खुर्ची सरकली. त्याचा एकसुरी आवाज. मग बद्द. ती हललीसुद्धा नाही. भांडं पडून गोल फिरायला लागलं तेव्हा तिने मान जराशी वर केली, ओळखीचं काही दिसल्यासारखी. स्वतःचं ते नाकातलं ऐकलं तेव्हा मात्र पदराचं टोक तोंडात धरलं. आई कोपऱ्यात बसली होती, उजवा कान आमच्याकडे करून.

संपलं. वरचीने रेकॉर्डरवर बोट ठेवलं.

"एवढा आवाज येत होता?"

मी हेडफोनची वायर गुंडाळत बसले.

"मला वाटायचं, कुणाला ऐकूच जात नाही. मला स्वतःलाच येत नव्हता ना. म्हणून तर जिन्यात विचारलं होतं तुम्हाला." रागाने नव्हती बोलत. खरोखर विचारत होती. "मग तुम्ही म्हणालात, काही येत नाही. म्हटलं, आता कोण येणार वर?"

तोंडात आलं होतं पुष्कळ. पाइप, काम, झाकली मूठ, बाबा, पलंग. सगळं गिळलं.

"येत होता," म्हणाले. "सगळा येत होता."

आई उठली. मला वाटलं, रेडिओकडे जाईल. ती आमच्यामध्ये येऊन बसली, आणि रेडिओ तिने लावला नाही.